फियाटच्या सीटखालची नथ आणि उज्जैनची पत्रं

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"मावशी नमस्कार, मी इंदूरचाच, सुदामा नगरात राहतो, वय ३१. मागच्या दिवाळीला रामबागेतल्या एका काकूंकडून १९७८ची पद्मिनी फियाट घेतली. काका २०१९ला गेले, गाडी २०१५पासून विटांवर उभी होती. व्यवहार त्यांच्या पुण्यातल्या मुलाने फोनवरच केला. आता मी आणि एक मित्र मिळून गाडी पूर्ण उघडतोय. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत मोत्यांची नथ सापडली. डिकीत स्टेपनीखाली पिशवीत ५००च्या जुन्या १४ नोटा. दारांमध्ये चिल्लर आणि बिनाका टूथपेस्टसोबत यायचा तसला एक प्लास्टिकचा हत्ती. आणि मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूला, नईदुनियात गुंडाळलेली नऊ निळी पत्रं. पेपर १९८३चा आहे, कपिलचा वर्ल्ड कपवाला फोटो आहे. पत्रं सगळी काकांच्या नावाने, त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर, उज्जैनहून आलेली. शिक्का पुसट आहे, ७० की ७६ कळत नाही. खाली सही 'तुमची, सु.' काकूंचं नाव सु वरून नाही. दोन वाचली, लव्ह लेटर्सच आहेत. बाबा म्हणतात नथ देऊन ये आणि पत्रं जाळून टाक, ७६ वर्षांच्या बाईला या वयात कशाला त्रास. बायको म्हणते आधी सगळी वाच मग ठरव. मित्र म्हणतो गाडी तुझी तर गाडीतलं सगळं तुझं, नथ सराफ्यात दाखव आणि एक रील बनव. मी पत्रांचा एक फोटो फियाटवाल्यांच्या ग्रुपवर टाकलाय, तुम्हालाही पाठवतोय. काय करू?"

अरे भिया, सगळ्यात आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाक. पुढचं नंतर वाच. त्या फोटोत पत्त्यावर काकांचं पूर्ण नाव दिसतंय, मी झूम न करता वाचलं, आणि इंदूरच्या मराठी लोकांत रामबाग ते लोकमान्य नगर ही बातमी पोचायला स्कूटरसुद्धा लागत नाही.

काढलास? बरं.

आता मित्राचं आधी निपटवते कारण ते सोपं आहे. गाडी विकली म्हणजे गाडी विकली, स्टेपनी, जॅक, पाना वगैरे त्यात आलं. पण सीटच्या स्प्रिंगमध्ये हरवलेली नथ कोणी विकत नसतं, ती तिथे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं तर विकतील कशी. १८७२च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टमध्ये ७१वं कलम आहे, ज्याला दुसऱ्याची वस्तू सापडते आणि तो ती ताब्यात घेतो त्याच्यावर ती सांभाळायची जबाबदारी येते, ठेवीसारखी. आणि आताच्या भारतीय न्याय संहितेत ३१४वं कलम (जुन्या आयपीसीत हे ४०३ होतं), त्यात सरळ लिहिलंय की मालक कोण ते माहीत असताना, किंवा शोधायचा वाजवी प्रयत्न न करता, सापडलेली वस्तू स्वतःची करून टाकली तर तो गुन्हा. तुझ्या केसमध्ये मालक शोधायचाच नाहीये, आरसी बुकात नाव आहे आणि काकूंचं घर तू बघितलंयस, बहुतेक चहासुद्धा प्यायलायस. तेव्हा "सापडलं ते आपलं" हे शाळेत खोडरबराच्या बाबतीत ठीक होतं. आणि सराफ्यात नथ दाखवायचीच असेल तर काकूंना सोबत घेऊन जा, येताना भुट्ट्याचा कीस खाऊ घाल त्यांना.

आता नथ. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

तू लिहिलंस "मोत्यांची नथ सापडली" आणि पुढच्या ओळीत नोटांवर गेलास. थांब ना तिथे. मराठी घरातली नथ हरवली तर काय होतं माहितीये का? ती काही कानातल्या टॉपसारखी गप्प हरवत नाही. लग्नाहून परत येताना बाई दमलेली असते, नथ टोचत असते, नाकातून काढून रुमालात ठेवते, रुमाल मांडीवर, मांडीवर झोपलेलं पोर, उतरताना रुमाल झटकला की नथ सीट आणि पाठ यांच्या फटीत. घरी आल्यावर शोधाशोध. आणि मग, हे मी अंदाजाने सांगतेय पण असं होताना मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय, कोणाचं तरी नाव घेतलं जातं. धुणंवाली, स्वयंपाकाच्या बाई, नाहीतर ती एक नणंद जी त्या दिवशी खोलीत गेली होती. तोंडावर कोणी काही बोलत नाही पण पुढच्या महिन्यात बाई बदललेली असते, नणंदेला दिवाळीला बोलावणं जरा उशिरा जातं. अशी आळ घेतलेली माणसं पुढे मरूनही जातात आणि घरातल्यांच्या डोक्यात ते तसंच राहतं. त्या घरात असं झालंच असेल असं मी म्हणत नाहीये. पण झालं असेल तर "नथ सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकली होती" हे वाक्य ऐकायची काकूंना नथेपेक्षा जास्त गरज आहे. म्हणून नथ देताना कुठे, कशी अडकली होती ते नीट सांग, जमलं तर फोटो दाखव, सीट तशीच उघडी असेल तर त्या स्प्रिंगचाच काढ.

आणि हो, ती चमकवायला जाऊ नकोस. चिंच, लिंबू, शाम्पू, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावू नकोस. मोती आंबटाने खराब होतो, वरची झळाळी गेली की परत येत नाही. मऊ कोरड्या कापडाने पूस, कापसात ठेव, डबीत घाल. बस.

नोटांचं पटकन. ५००च्या १४ म्हणजे ७ हजार, ८ नोव्हेंबर २०१६च्या आधीच्या, आज त्यांचं काहीच येत नाही आणि बँकही घेत नाही. पण गंमत म्हणजे २०१७चा एक कायदा आहे, त्यात बंद झालेल्या नोटा कोणाकडेही एकूण १०पेक्षा जास्त असता कामा नयेत, अभ्यास किंवा नाणीसंग्रहासाठी असेल तर २५पर्यंत. मोडला तर दंड १० हजारांपर्यंत किंवा दर्शनी किमतीच्या पाचपटीपर्यंत, जे जास्त असेल ते. तुझ्या हिशोबाने पाचपट म्हणजे ३५ हजार. ७ हजारांच्या रद्दीसाठी ३५ हजार, असा धंदा सियागंजच्या बाजारातही कोणी करत नाही. तेव्हा त्या नोटा हातात पंख्यासारख्या धरून रील बनवायचं मित्राच्या डोक्यातून काढ. काकूंना सांग काकांनी अडीनडीच्या पेट्रोलसाठी ठेवलेल्या दिसतायत, त्यांच्या त्यांना दे, आणि आठवण म्हणून चार तुला दिल्या तर घे, मग त्यांच्याकडेही दहाच राहतात, कोणालाच त्रास नाही. चिल्लर तर २५ पैसे आणि खालची सगळी जून २०११पासून बंद आहे, त्यात कमळवाले पिवळे २० पैसे असतील तर तेवढे माझ्यासाठी ठेव, हे सल्ल्याबाहेरचं.

आता पत्रं. त्यासाठीच लिहिलंयस तू, बाकी सगळं तोंडी लावायला.

तू, तुझे बाबा, तुझी बायको, तिघांनीही एक गोष्ट धरूनच चालायचं ठरवलंय की ही "दुसऱ्या बाईची" पत्रं आहेत. कशावरून? काकूंचं नाव सु वरून नाही यावरून. बाळा, तू ३१चा आहेस म्हणून तुला माफ. तुझ्या बाबांना मात्र माफ नाही, त्यांना हे आठवायला पाहिजे होतं. त्या काळी आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि सोन्याच्या अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं, नवऱ्याने, सगळ्यांच्या समोर, मग पेढे वाटायचे. माझ्या आईला माहेरी एका नावाने हाक मारायचे आणि आमच्याकडे दुसऱ्याच, मामाचं पत्र आलं की नवीन पोस्टमन दारात उभा राहून विचारायचा या नावाची बाई इथे राहते का, आणि आजी आतून ओरडायची, राहते, पण आता ती ती नाही.

तेव्हा माझा तुला साधा प्रश्न, काकूंचं माहेर कुठलं? विचारलंस? उज्जैन निघालं तर?

आता तूच पाठवलेला फोटो बघ (स्वतःच्या फोनमध्ये बघ, ग्रुपवर नाही). पत्त्याच्या शेवटी "इंदूर (म.प्र.)" आणि पुढे काही नाही, पिन कोड नाही. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. हा काही पक्का पुरावा नाही, लोक पुढे कितीतरी वर्षं पिन न घालताच पत्रं टाकायचे, पण शिक्का ७० की ७६ असा तुझा गोंधळ असेल तर माझं मत ७०कडे जातं. म्हणजे पत्रं गाडीपेक्षा आठेक वर्षं जुनी. काकू आज ७६च्या, म्हणजे तेव्हा वीस-एकवीस. साखरपुडा झालेला, लग्न व्हायचंय, हेच वय. आणि पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर का? अरे, कारण घरी आलं असतं तर आधी सासऱ्यांनी वाचलं असतं, मग आत्याने, मग धाकट्या दिरांनी माडीवर नेऊन मोठ्याने. ज्याचं लग्न ठरलंय अशा त्या काळातल्या शहाण्या मुलाने ऑफिसचाच पत्ता दिला असता. आणि सही काय, तर "तुमची". लफड्यातली बाई तुमची लिहिते का? लिहीतही असेल, मला अनुभव नाही.

मग १९८३चा पेपर. म्हणजे कपिलने कप उचलल्यानंतर कधीतरी ती बांधली गेली आणि गाडीत गेली. तेरा वर्षांनी का? हे मला माहीत नाही आणि तुलाही नाही. घराला रंग लागला असेल, कपाट विकलं असेल, वाटण्या झाल्या असतील. एकत्र घरांत नवराबायकोला स्वतःचा असा एक ड्रॉवर नसायचा रे, कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. आमच्याकडे वडिलांची डुक्कर फियाट होती, ती गोल बुडाची जुनी ११००, त्या गाडीला किल्ली एकच आणि ती वडिलांच्या खिशात, बाकी घरात त्यांची एकट्याची म्हणावी अशी जागा संडास सोडून दुसरी नव्हती. ती गाडी पुढे विकायच्या आधी पत्रा बदलायला मालवा मिलजवळच्या एका डेंटरकडे दिली तर दाराच्या पॅडमागून काय निघालं, माझ्या भावाचं सातवीचं प्रगतिपुस्तक, गणितात १७. "शाळेत हरवलं" म्हणून त्याने नवीन बनवून घेतलं होतं आणि वडिलांनी त्याचे आठ आणे शाळेत भरले होते. भाऊ आज बासष्टचा आहे, अजूनही म्हणतो ते मी टाकलं नव्हतं, आपोआप गेलं असेल. काचेच्या फटीतून, पॅडमागे, खिळ्याला अडकवून, आपोआप.

तर, माझं म्हणणं पोचतंय का? पत्रं काकूंचीच आहेत असं मी सांगत नाहीये. मी एवढंच सांगतेय की तुला काहीही माहीत नाही, आणि दोन पत्रं वाचून तू एका मेलेल्या माणसाला बदफैली ठरवून मोकळा झालास.

आणि समजा नसतीलच काकूंची. समजा खरंच उज्जैनला कोणी होती. तरीही बाबांचं "जाळून टाक" मला पटत नाही. ७६ वर्षांची बाई म्हणजे काचेचं सामान नाही. पन्नास वर्षं ज्या माणसासोबत संसार केला त्याचं तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं हे आपण सुदामा नगरात बसून ठरवायचं नाही. जाळायची की ठेवायची हे काकूच ठरवतील. पुण्याच्या मुलानेही ठरवायचं नाही, त्याला अजिबात फोन करू नकोस, आईची पत्रं पोराच्या हातात आधी पडणं यासारखी वाईट गोष्ट नाही, कोणाचीही असोत ती.

बायकोला सांग उरलेली सात वाचायची नाहीत. तिचं कुतूहल मला समजतं, मी असते तर माझाही हात शिवशिवला असता, पण नाही.

कसं करायचं ते सांगते. आधी फोन कर, दुपारी चारनंतर जा, त्यांची झोप झालेली असेल. बायकोला सोबत ने, मित्राला नको. मुलगा किंवा सून आलेली असेल तर त्या दिवशी फक्त नथ आणि नोटा दे आणि पत्रांसाठी परत जा. नथ आधी दे. नथेवर त्या बोलतील, बोलू दे, त्यात अर्धा तास जाईल, त्यात माहेर वगैरे आपोआप निघेल, तू खोदून विचारू नकोस. मग गठ्ठा, बंद पाकिटात, तो जुना पेपरही आत ठेवून, आणि एवढंच म्हण, "काकू, काकांच्या नावाची जुनी पत्रं मिळाली, उज्जैनहून आलेली, सीटच्या मागे होती. वरची दोन मी उघडली, उघडायला नको होती. तुम्हाला हवी असतील तर ही घ्या, नको असतील तर तुम्ही म्हणाल तसं करतो." दोन वाचल्याचं लपवू नकोस, "कोणाची आहेत बघायला" असलं कारणही नको. पन्नास वर्षं घडी मोडलेली नाही आणि तू मोडलीस हे त्यांना हात लावताच कळेल. त्या म्हणाल्या जाळ, तर तिथेच त्यांच्या अंगणात, त्यांच्या समोर जाळ. त्या म्हणाल्या ठेवून जा, तर ठेव आणि उठ. त्या हसल्या तर तूही हस, पण का हसल्या ते विचारायचं नाही.

तोपर्यंत पत्रं गॅरेजमध्ये ठेवू नकोस. पेट्रोल, थिनर, ओल, सगळंच वाईट. त्या काळची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. उन्हात वाळवायची नाहीत, सेलोटेप नाही, लॅमिनेशनवाल्याकडे तर चुकूनही नाही. साध्या कागदात गुंडाळून कपाटात. रबरबँड वितळून चिकटला असेल तर ओढू नकोस, कापून जेवढा सुटेल तेवढाच काढ.

गाडीचं काम थांबवायची गरज नाही, पण डेंटर गॅस लावण्याआधी चारही दारांचे पॅड काढून आत टॉर्चने बघ. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, त्यात तिकिटं, पाला, काय काय अडकून पाणी साठतं आणि पत्रा तिथूनच सडतो, आणि वेल्डिंगच्या ठिणगीने आतला कागद पेटतो तो वेगळाच. सीटच्या काथ्यात उंदरांनी घर केलं असेल तर मास्क आणि ग्लोव्हज घाल, हवेचा पाइप मारून धूळ उडवू नकोस, आधी ओलं कर मग उचल. आणि मागे-पुढे काडतूस वगैरे निघालं, निघतं कधीकधी जुन्या गाड्यांत, तर हात न लावता ठाण्यात कळव, ते "जुनं आहे, मेलं असेल" म्हणून खिशात घालू नकोस.

तुझा मित्र रील रील करतोय ना, त्याला एक खरं काम दे. जे काही सापडेल ते कुठे सापडलं त्याची चिठ्ठी लावून एका खोक्यात ठेवायचं, आणि पेट्रोल पंपाच्या जुन्या पावत्या निघाल्या तर त्यावरची तारीख आणि किलोमीटर उतरवून घ्यायचे, मीटरमधला आकडा खरा की खोटा ते त्यावरून कळतं. काकूंकडे ओरिजिनल बिल आणि सर्व्हिसची पुस्तिका असेल का तेही विचार, पण त्याच दिवशी नको, आठवड्याने. रिस्टोअर केलेल्या गाडीला त्या दोन कागदांनी जे वजन येतं ते कोणाच्या लव्ह लेटरने येत नाही.

तू पत्राच्या शेवटी व्हिंटेज नंबरचंही विचारलंयस. तो २०२१च्या नियमानुसार ५० वर्षं झालेल्या गाडीला मिळतो, नंबरात व्हीए येतं, नवीन रजिस्ट्रेशनची फी २० हजार. तुझी ७८ची म्हणजे २०२८ला बघ. मात्र त्या नंबरावर रोज ऑफिसला जाता येत नाही, तेव्हा पोहे खायला छप्पन दुकानला न्यायची असेल तर साधं रजिस्ट्रेशनच चालू ठेवलेलं बरं.

हत्ती मात्र पुण्याला कुरिअर कर. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल, व्यवहार फोनवर करणारा, गाडी बघायलाही न आलेला. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नको, फक्त हत्ती, आणि पाठीमागे लिही "डावं मागचं दार".